घागरीतला डोंगर

मी चौथी नापास. पण विहिरीच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. कवठे महांकाळच्या अंगाला, जिथं पाऊस नुसता वास दाखवून जातो, तिथं ती विहीर मी आणि माझ्या बायकोनं फोडली. सुरुंग मी लावायचो, दगडाची पाटी ती वर ओढायची. आता ती नाही, विहीर आहे. दुपारी कठड्यावर बसलं की पाण्यात आभाळ हलतं, आणि मला वाटतं, तळाशी अजून कुणीतरी पाटी भरतंय.

गेल्या उन्हाळ्यात नात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सांगलीच्या कॉलेजात ती पाण्यातलं विष ओळखायचे सेन्सर तयार करते. आल्या आल्या म्हणाली, "आबा, मी जारचं पाणी पिणार."

"का? माझ्या विहिरीला काय रोग झालाय?"

"वरच्या ओढ्यात भंगारवाला ट्यूबलाइटी फोडतोय. त्यात पारा असतो. पोटातल्या जिवाला लय वाईट."

"तुझ्या बापाला ह्याच पाण्यावर वाढवलाय म्या."

"म्हणून तर त्यांचा पारा सारखा चढलेला असतो!"

ती हसली. मी हसलो नाही. माझ्या पणतवंडाला विहीर सोडून जारचं पाणी? म्हणालो, "काढ तुझं यंत्र. विहीर खोटी ठरली तर मीबी जारचंच पितो."

तिनं पिशवीतनं प्लास्टिकची बाटली काढली. "थांब," म्हणालो. "माझ्या विहिरीचं पाणी औषधाच्या बाटलीत जायचं न्हाई." माळ्यावरनं बायकोची तांब्याची घागर उतरवली, चिंचेनं घासली, मोटर लावून पाइपाखाली धरली आणि भरून खांद्यावरनं आणली.

सेन्सर म्हणजे बोटाएवढी पट्टी. टोकाला सोन्याचा ठिपका, मागं बारीक वायर, पुढं मोबाइल. घागरीतलं पाणी तिनं पेल्यात घेतलं, कसल्याशा ॲसिडचे थेंब टाकले आणि पट्टी बुडवली.

"पारा सोन्यावर भुलतो, आबा. आधी येऊन चिकटतो. मग विजेचा जोर वाढवत नेला की सुटतो. सुटताना मोबाइलवर डोंगर उठतो. पारा नसला की सरळ रेघ."

रेघ निघाली. बांधावरनं मुंगी चालावी तशी. बघता बघता माझे डोळे जडावले आणि रेघेची पाऊलवाट झाली. वाटेवरनं बायको चालली होती, डोक्यावर तीच घागर, पाठमोरी. हाक मारणार, तोच तिच्या पायाखालची वाट वर उचलली.

"पारा हाय, आबा." नातीचा हात पोटावर गेला होता.

"यंत्र खोटं हाय."

"आवं आबा..."

"खोटं हाय म्हणतो न्हवं! परत बघ."

परत तोच डोंगर. मला विहिरीकडं मान वळवता येईना.

नात मात्र मोबाइलवर वाकून बसली. "डोंगराच्या आधी हे टेकाड कशाचं? ही तर तांब्याची जागा. प्रत्येक धातू आपापल्या जागीच सुटतो. विहिरीत तांबं कुठनं आलं?" तिनं घागर रिकामी केली आणि उन्हात कलती धरली. आत बुडाशी एक चंदेरी डाग होता. पाण्यात चांदणं पडावं तसा.

"आज्जी ह्यात काय ठेवायची?"

तेव्हा आठवलं. शाळूचं बियाणं. किडा लागू नये म्हणून बाजारातल्या पाऱ्याच्या गोळ्या फडक्यात बांधून त्यात टाकायची. एकदा गोळी फुटून चांदीचे मणी सारवलेल्या जमिनीवर पळाले होते. आम्ही दोघं हसत हसत गुडघ्यांवर त्यांच्यामागं. धरायला जावं तर एकाचे दोन व्हायचे. ते हसू मला त्या डागात ऐकू आलं.

नातीनं स्वतः बाटलीला दोरी बांधून विहिरीचं पाणी काढलं. पट्टी नवी, पेला नवा. मुंगी निघाली. तांब्याची जागा गेली, पाऱ्याची गेली, आणि रेघ सपाट माळासारखी पार कडेला जाऊन टेकली.

"विहीर साफ हाय, आबा."

"मग म्या काय म्हणत होतो?"

"पाऱ्यापुरती साफ! पिणार मी उकळूनच. तुमीबी तसंच प्यायचं. आणि त्या भंगारवाल्याचं ग्रामपंचायतीत सांगा, न्हाईतर पुढच्या खेपेला डोंगर खराच निघंल."

घागर माळ्यावर परत जाणार नव्हती. कॉलेजात अशा वस्तूंचा नीट बंदोबस्त करतात, म्हणाली. घासून लख्ख करून देतो म्हणून मी बराच वेळ वाद घातला. पण तो डाग घासून जाणारा नव्हता. शेवटी घागर पिशवीत घालून गाठ मीच मारली.

संध्याकाळी विहिरीचं पाणी उकळून निवत ठेवलं. नात पेलाभर प्याली आणि तिनं आणखी मागितलं. मग मीही प्यालो. उकळलेलं पाणी मुळमुळीत लागतं, हे तिला सांगितलंच. पण आपल्या विहिरीचं होतं. पेला मी पुन्हा पुढं केला.