टिकली लावलेला तवा

घर चालवणं सोपं आहे, असं मी बायकोला सांगितलं तेव्हा मी चहा पीत होतो. चहा तिनंच केला होता.

सुजाता शाळेत शिकवते. तिला शिक्षकांची प्रशिक्षक व्हायची संधी आली होती, म्हणजे दर महिन्याला चार दिवस बाहेरगावी. घरात सहा वर्षांची सान्वी आणि तीन वर्षांचा आरू. ती म्हणाली, "या खेपेला चार दिवस पुण्याला जाऊन बघते. घर जागच्या जागी राहिलं तर हो म्हणणार, न्हाय तर न्हाय." ते काम तिला मनापासून हवं होतं, हे मला ठाऊक होतं. आणि मी तर शिरोलीला फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, सुपरवायझर. अठरा माणसं सांभाळणाऱ्याला दोन पोरं काय जड?

फौंड्रीतली शिस्त मी घरी आणली. कपडे वारानुसार टांगले, डब्यांचा तक्ता फ्रिजवर चिकटवला. कारखान्यात नको असलेल्या वस्तूला लाल चिठ्ठी लावतात, आणि कुणी हक्क सांगितला नाही तर ती भंगारात जाते. घरी चिठ्ठ्या नव्हत्या, म्हणून सुजाताच्या लाल टिकल्यांचं पाकीट घेतलं. (तिला विचारलं नाही. सुपरवायझर विचारत नसतो.) पहिल्या दिवशी एक फुटकी बादली आणि दोन गंजक्या कड्या पोत्यात गेल्या. मी पुण्याला फोटो पाठवला.

दुसऱ्या दिवशी वाटलं, मुलांनाही कामात घ्यावं, म्हणजे त्यांना वळण लागतं. पाकीट सान्वीच्या हातात दिलं.

"पप्पा, कशाला लावायची?"

"जे नको असेल त्याला. आणि पोत्यात टाकायचं."

"कुणाला नको असेल ते?"

"घरातल्या कुणालाही," मी दाढी करता करता म्हणालो.

इथं माझं चुकलं. आत न बघताच पोत्याचं तोंड बांधलं, शेजारच्या अक्कांच्या दारात ठेवलं, भंगारवाला आला की द्या म्हणून सांगितलं आणि कामावर गेलो.

संध्याकाळी घरात कुकर नव्हता, कंगवा नव्हता, दुधाचा पेला नव्हता आणि तवा नव्हता.

"कुकर ओरडतो," सान्वीनं शांतपणे कारणं दिली. "कंगवा दुखतो. दूध आरूला नको. आणि तव्यावर रोज भाकरीच होते."

कुकरचं एवढं काही नव्हतं. पण तवा सुजाताच्या माहेरचा, बिद्रीहून आलेला, तीन पिढ्यांनी तापवून काळाभोर केलेला. त्यावर ती मला साधं ऑम्लेट करू देत नाही. मी अक्कांकडे धावलो.

"तुम्हीच सांगितलासा की द्या म्हणून," अक्का म्हणाल्या. "पोतं लई जड लागलं. म्हटलं, शिकलेल्या माणसांचा कचराबी भारी असतोय."

तसाच भंगारवाल्याचं दुकान गाठलं. त्यानं कुकर काढून दिला. "तवा मातर गेला, पावणं. लोखंडाची गाडी दुपारीच शिरोलीला गेली."

"कुठल्या कारखान्यात?"

त्यानं नाव सांगितलं. कारखाना आमचाच होता.

सकाळी भट्टी भरायच्या आधी मी भंगाराच्या यार्डात हजर. क्रेनवाल्या बापूनं चुंबकानं ढीग उचलून पसरला. अर्ध्या तासात पाच तवे निघाले.

"यातला तुमचा कंचा, सायेब?"

मी पाचही उलटेपालटे करून बघितले. टिकली केव्हाच पडली होती. आठ वर्षं त्याच तव्यावरची भाकरी खाल्ली, पण तवा कसा दिसतो हे काही मला सांगता येईना. अठरा माणसं बघत होती.

"वळखू येईना व्हय?" बापू म्हणाला. "घरात ऱ्हातासा का लॉजवर?"

शेवटी लाज सोडली. पाच तवे ओळीनं मांडले, फोटो काढला आणि पुण्याला पाठवला. खाली लिहिलं, 'यातला आपला कुठला?' आता तिची संधी माझ्यामुळं हुकणार, या विचारानं मला रडू यायचं बाकी होतं.

दोन मिनिटांत फोन आला.

"डावीकडनं दुसरा. कडेला चेपलाय तो. आणि मी कामाला हो म्हणून सांगितलंय."

"अगं, पण घर..."

"मी घरात असताना तुम्हाला घरातलं कायच ठाऊक नव्हतं. मग मी नसले म्हणून काय बिघडतंय?"

तेव्हापासून महिन्यातले चार दिवस घर माझ्या ताब्यात असतं. कारभार उत्तम चालतो. काय करायचं ते सकाळी अक्का सांगतात, आणि काय चुकलं ते संध्याकाळी सान्वी सांगते.