भर उन्हातला फ्लॅश

भर उन्हात फ्लॅश मारणाऱ्या फोटोग्राफरला आमच्याकडं लोक अजून हसतात. "एवढं ऊन पेटलंय अन् तुमी वरून बत्ती लावायलात?" असं प्रत्येक लग्नात कुणीतरी म्हणतंच. परभणीत माझा स्टुडिओ आहे. हसणाऱ्यांना समजावत बसणं मी केव्हाच सोडलं. दुपारच्या लग्नात फेट्याखाली नवरदेवाच्या डोळ्यांच्या जागी नुसता अंधार दिसतो. मागं ऊन आणि पुढं सावली असली की माणसाचं तोंडच जातं. ती सावली भरून काढण्यापुरता हलका फ्लॅश द्यायचा असतो. तो नीट जमला, तर फ्लॅश मारलाय हे बघणाऱ्याला कळतही नाही. माझं हे फार आवडतं काम होतं. आता त्याची शिसारी बसली आहे, आणि ती कुणामुळं बसली तेही मला पक्कं ठाऊक आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझे काका वारले. पोखर्णीच्या अलीकडं आमचं गाव. काका शेतातून आले, प्यायला पाणी मागितलं आणि काकी तांब्या घेऊन येईपर्यंत संपले. काकी रडलीच नाही. तिरडी उचलतानाही नाही आणि नंतरही नाही. माहेरच्या बायका तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडायच्या आणि हीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. "रडली पाह्यजे बाई, न्हाईतर काळजात बसंल," असं जो तो म्हणायचा. तिचा मुलगा, म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ, तर पार घाबरून गेला होता.

दहावा व्हायच्या आतच साहेबांची सांत्वनभेट ठरली. साहेब म्हणजे हा भाऊ ज्या शाळेत शिकवतो, तिचे संस्थाचालक आणि तालुक्याचे पुढारी. भावाची नोकरी कायम करणं त्यांच्या हातात होतं, आणि 'पुढच्या वर्षी बघू' हे ऐकून तो जेरीला आला होता. साहेबांनी काकांना जन्मात पाहिलेलं नव्हतं. गाडीतून उतरताना त्यांनी भावाला विचारलं, "काय होतं वडलांना, शुगर?" उत्तर ऐकायला ते थांबलेही नाहीत.

अशा भेटींचे फोटो आपण रोज मोबाईलवर बघतो. शोकातल्या माणसाच्या खांद्यावर हात आणि नजर कॅमेऱ्याकडं. मला त्याची घाण वाटते. जेवताना असा फोटो समोर आला तर घास तोंडात फिरतो.

काकी ओसरीच्या कडेच्या खांबाला टेकून, आत तोंड करून बसली होती. फोटो काढायचा तर आतून बाहेर बघत काढावा लागणार आणि मागं अंगणात पांढरं फट्ट ऊन. साहेबांच्या कार्यकर्त्यांनी मोबाईलवर भराभर फोटो काढले आणि त्यांची तोंडं उतरली. "सायेब लय काळे यायलेत. मावशीला जरा भाईर उन्हात घ्या की."

साहेब उजळ दिसावेत म्हणून सुतकातल्या बाईला उठवून अंगणात बसवायची! भावानं केविलवाणं होऊन माझ्याकडं बघितलं. माझा कॅमेरा गाडीतच पडून होता. मी म्हणालो, "काकीला कुणी हात लावू नका. मी काढतो इथंच."

साहेबांचा शर्ट कडक पांढरा, म्हणून फ्लॅशचा जोर आणखी कमी केला. साहेब मांडी घालून बसले, काकीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "काका गेले, आमचा आधारच गेला." किती ते पाठ झालेलं खोटं! पण काकीला त्यात काय लागलं कोण जाणे. तिचा चेहरा एकदम पिळवटला. "आवं, पाणी तरी पिऊन जायचं व्हतं," एवढंच ती म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली. त्याच क्षणी माझा फ्लॅश पडला होता.

भाऊही रडायला लागला. दारातल्या बायका "रडू द्या तिला, रडू द्या" म्हणत डोळ्यांना पदर लावत होत्या. आणि साहेबांनी काकीचा हात सोडून माझ्यापुढं पंजा पसरला. "दाखवा."

मी पडद्यावर फोटो दाखवला. काकीचा चेहरा उजळ, गालावरचा ओघळ स्वच्छ, मागचं ऊन जागच्या जागी, शर्टाची घडीन् घडी दिसतेय. असा फोटो मला क्वचितच जमला असेल. फक्त फ्लॅशच्या उजेडानं साहेबांचे डोळे मिटले होते.

"माझे डोळे मिटलेत. परत घ्या," साहेब म्हणाले, आणि काकीकडं वळले. "मावशी, आत्ता करत होता ना, तसंच. जरा इकडं तोंड करा."

तुंबलेल्या गटारात हात गेल्यासारखं मला झालं. कॅमेरा त्यांच्या टाळक्यात घालावा असं मनापासून वाटलं. "साहेब, आता राहू द्या," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. त्यांनी भावाकडं बघितलं. भाऊ नाक पुसत पुढं आला आणि म्हणाला, "दादा, घे ना."

काकीनं ते ऐकलं. ती थांबली. इतक्या दिवसांनी सुटलेलं रडणं तिनं तिथल्या तिथं आवरलं, लेकाकडं एकदा बघितलं, पदर सारखा केला, साहेबांच्या हातात आपला हात परत दिला आणि रडण्याचं तोंड केलं. मी फोटो काढला. साहेबांना पसंत पडला. चहा नको म्हणाले, पुढच्या गावात अजून एक भेट होती.

गाडी गेल्यावर बायका काकीभोवती गोळा झाल्या. "आता रडून घे माय, मोकळी हो." काकीच्या डोळ्यांत थेंब नव्हता. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, काकांचं काहीतरी बोलेल.

"लेकरा," ती हळूच म्हणाली, "सायबाचे डोळे उघडे आलेत ना रे? न्हाई आले तर परत बोलवा त्यायला. मी रडंन."