डब्यातल्या दोन गोळ्या
“आजी, खोटं नको बोलूस, गोळ्या जातात कुठं?” मी असा ओरडलो की थळच्या किनाऱ्यावरचे झाडून सगळे बगळे थेट हरिहरेश्वराला जाऊन बसले असतील. अजूनही सुकटीचा वास आला की तिचं ते अंगण डोळ्यांपुढे येतं. रक्तदाबाचे रुग्ण गोळ्या खरंच घेतात का, हे तपासत मी तेव्हा घरोघर फिरायचो. या कोळीण आजीची पाकिटं दर महिन्याला वेळेवर रिकामी, पण दाब माडाच्या शेंड्याला. मी चार यंत्रं बदलली. पाचवं तर घाबरून बंदच पडलं. सुकट निवडता निवडता ती शेवटी म्हणाली, “त्याच्या डब्यान देतंय. त्याची एक नि माजी एक.” नवऱ्यालाही तीच गोळी होती. बोटीवर त्याला चक्कर येते म्हणून ही स्वतःचीही त्याला चारत होती. “अगं, दोन घेतो म्हणून तर चक्कर वाढलीय त्याची,” मी सांगितलं. तिचे हात थांबले. “आणि तुला काही झालं असतं तर?” मी विचारलं. फॉर्मवर गोळी न घेण्याचं कारण लिहायला दोन बोटं जागा होती. तिथे तिचं उत्तर मी जसंच्या तसं लिहिलं, आणि सगळंच वाढवून सांगणाऱ्या माझ्यासारख्यानं आजवर त्यात एक शब्द वाढवलेला नाही: “मी पडले त घरान पडंन. त्यो पडला त दर्यान.”