धुराडी पाहणारा वोब्बे

वोब्बे डायक्स्ट्रा माणूस वाईट नव्हता. हे वाक्य लिहायला मला चाळीस वर्षं लागली, म्हणून आधी तेच लिहून टाकते.

फ्रीसलंड या थंड, दलदलीच्या प्रांतातल्या आमच्या गावाबाहेर चर्चच्या मालकीचे जमिनीचे वीस पट्टे होते. फार पूर्वी कुणा निपुत्रिक बाईने ते गावातल्या गरीब घरांसाठी दान केलेले. कुणाला कुठला पट्टा ते दरवर्षी चिठ्ठ्या टाकून ठरे. ज्याला पट्टा मिळेल त्याने बटाटे लावावेत, दोन मेंढ्या चाराव्यात, पोरांच्या पोटाला घालावं. अट एकच, घर नांदतं हवं. बाहेरगावी राहून पट्टे लाटणारे लबाड फार झाले, तेव्हा कुणीतरी शक्कल काढली. बावीस फेब्रुवारीच्या सकाळी एका माणसाने गावभर फिरून धुराडी पाहायची. धूर दिसला तर नाव यादीत, नाही तर काट. दार मात्र वाजवायचं नाही. दार वाजवलं की बोलणं आलं आणि बोलण्यामागून रदबदली.

तेवीस वर्षं हे काम वोब्बेकडे होतं. तो स्वतः दुसऱ्यांच्या गाई पिळणारा गडी, त्याचाही एक पट्टा असायचा. त्याने सख्ख्या मेहुण्याचं नावसुद्धा काटलं होतं. तो वाकडी मान करून रस्त्याने निघाला की आम्ही पोरं ओरडायचो, "वोब्बेकाका आला, फुंका चूल!" तो हसायचा नाही.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा शरदात वडील वारले. त्या फेब्रुवारीत घरात दलदलीच्या वाळक्या मातीच्या सात विटा उरल्या होत्या. आमचं जळण तेच. आईने त्या यादीच्या सकाळसाठी राखल्या होत्या. पण आदल्या दिवशी धाकट्या भावाची, आउकेची, छाती भरली, त्याला वाफ देण्यात सगळ्या जळून गेल्या. शेजारी मागितल्या असत्या तर मिळाल्या असत्या. पण आमची आई, चित्स्के, मागणाऱ्यातली नव्हती.

सकाळी वोब्बे आमच्या फाटकाशी थांबला. त्याने बराच वेळ छपराकडे पाहिलं.

"आई, दार उघडू?"

"कशाला? तो आत बघणार नाही."

त्याने पेन्सिल जिभेवर ओली केली, काहीतरी लिहिलं आणि पुढे गेला.

चर्चमध्ये चिठ्ठ्या पुकारून झाल्या तेव्हा आई उठली. "आमचं नाव राहिलं."

"राहिलं नाही, चित्स्के," वोब्बे म्हणाला. "धूर नव्हता."

"जळण नव्हतं."

वोब्बेचे कान लालबुंद झाले. पट्टे सांभाळणाऱ्या पंचांपैकी एकजण म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा. पुढच्या वर्षी बघू." जिच्या घरात जळण नाही तिचाच पट्टा गेला, आणि याला आम्ही गावकरी न्याय म्हणत होतो! मला आजही हे आठवलं की संताप येतो.

त्या उन्हाळ्यात माझी बहीण हिल्त्ये, वय वर्षं अकरा, एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी कामाला गेली. जेवून-खाऊन राहायला. नंतर ती घरी यायची ती पाहुणीसारखी, खुर्चीच्या कडेला बसायची.

ऑगस्टमध्ये वोब्बे स्वतःच्या पट्ट्यातल्या बटाट्यांचं पोतं घेऊन आला आणि त्याने दार वाजवलं. आईने पोत्याकडे पाहिलंही नाही.

"दार वाजवायचं आत्ता सुचलं होय, वोब्बे?"

त्याने पोतं पुन्हा खांद्यावर घेतलं आणि गेला.

पुढच्या फेब्रुवारीत त्याने गावातलं प्रत्येक दार वाजवलं. पंच खवळले. "तर मग दुसरा शोधा," तो म्हणाला, "मला आत कोण आहे ते बघायचंय." दुसरा कुणी सकाळभर फुकट हिंडायला तयार झाला नाही. आम्हाला पट्टा मिळाला. आमच्या दाराशी तो विचारी, "आहात?" आई म्हणे, "आहोत," आणि दार लावी. पंधरा वर्षं त्या दोघांचं बोलणं एवढंच. आईने त्याला माफ केलं नव्हतं, आणि मीही नाही.

मग एका बावीस तारखेला दार वाजलंच नाही. नऊ वाजले, दहा वाजले. आई दोनदा खिडकीशी जाऊन आली. वोब्बे एकटाच राहायचा. त्याच्या धुराड्यातून धूर नव्हता.

आईने लोखंडी भांड्यात निखारे घेतले, जळणाची टोपली माझ्या हातात दिली. त्याच्या दाराशी जाऊन तिने कडी वाजवली.

"आहात?"

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "आहे."

तो खुर्चीत घोंगडी गुंडाळून बसला होता. गुडघे आखडले होते, विझलेल्या चुलीपर्यंत जाणं होईना. यादीचा कागद मांडीवर होता.

"माझं नाव काट, चित्स्के. धूर नाही."

"यादी गेली खड्ड्यात," आई चुलीपुढे बसत म्हणाली. "थंडी वाजतेय का ते सांगा."

म्हाताऱ्याने घोंगडी आणखी ओढून घेतली. "वाजतेय," तो म्हणाला. "फार वाजतेय गं."

चूल पेटेपर्यंत आई उठली नाही. मग तिने त्याच्या मांडीवरचा कागद आणि पेन्सिल घेतली. पहिलं नाव त्याचं लिहिलं आणि शेजारचं दार वाजवायला निघाली.