ओट्याचा गवंडी
ओल्या सिमेंटचा वास आला की मला उदगीरमधलं ते दुष्काळाचं साल आठवतं. लातूर नवा जिल्हा झाला होता, अन् चांगले गवंडी तिकडं कचेऱ्यांच्या बांधकामावर गेले होते. आईला उभ्यानं रांधायला ओटा हवा होता. एक नावाजलेला गवंडी भर उन्हात घरी आला. आईनं तांब्याभर पाणी पुढं केलं. भिंतीवरची बुद्धाची तसबीर बघून तो म्हणाला, "तहान न्हाई." त्याचे ओठ उन्हानं फुटले होते. आई तांब्या घेऊन आत गेली, ती बाहेर आलीच नाही. मग एक म्हातारा गवंडी आला. त्यानं आल्या आल्या पाणी मागितलं, घटाघटा प्यायला, ओट्याची जागा वितीनं मोजली अन् म्हणाला, "माय, सिमेटला आठ दिस पाणी मारावं लागतं. तुमचं प्यायचं पाणी ओट्याला कसं घालू? पाऊस पडू द्या." आई म्हणाली, "थांबते मी, मामा. पण ओटा तुम्हीच बांधायचा." पावसापर्यंत ती चुलीपुढं बसूनच रांधत राहिली. आता माझ्या स्वयंपाकघराचं काम काढलंय. ठेकेदार मोबाइलवर नमुने दाखवायला लागतो, तेव्हा मी आधी पाण्याचा पेला पुढं करते आणि त्याच्या हाताकडं बघत राहते.