झेब्रा क्रॉसिंगवर थांबणाऱ्या काकू

काकूंचा उजवा पाय सतत ब्रेकवर असायचा. तिथे ब्रेक मात्र नसायचा, कारण काकू डावीकडे बसायच्या आणि गाडी काका चालवायचे. भाईंदर पूर्वेच्या आमच्या सोसायटीच्या गेटातून गाडी बाहेर पडली की काकू पायाखालची रबरी मॅट दाबून म्हणत, "हळू. रस्ता काय तुमच्या तीर्थरूपांनी बांधलाय?" त्यांच्या टाचेखाली मॅटला भोक पडलं होतं. काकांच्या बाजूची, जिथे खरा ब्रेक होता तिथली मॅट नवीकोरी होती.

मी त्यांचा शेजारी. एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो, म्हणून काकू मला 'लायब्ररी' म्हणायच्या. त्यांनी स्वतः सगळी नोकरी कोर्टात टायपिस्ट म्हणून केली. इतकी वर्षं दुसऱ्यांचे निकाल टाईप केले आणि निवृत्तीनंतर स्वतःचे द्यायला सुरुवात केली. ते मुख्यतः रहदारीवर असत.

"या गावात नीट गाडी फक्त अंड्यांचा ट्रे आणणारा चालवतो," हा एक निकाल. मोबाईलवर रस्ता सांगणाऱ्या बाईबद्दल त्यांचं मत होतं, "चुकलात तरी ती चिडत नाही, म्हणून तिचं कुणी ऐकत नाही." पुलावर पूल आणि त्यावर मेट्रो पाहून म्हणाल्या, "खाली गर्दी झाली की वर चढायचं. गर्दी का झाली, ते बघायला कुणी खाली थांबतच नाही."

काका लांबचा यू-टर्न टाळायला उलट्या बाजूने गाडी घालत. काकूंनी डोळे वटारले की म्हणत, "अगं, सगळे जातायत." समोरचा जरा रेंगाळला की हॉर्नवरचा हात काढत नसत. तुमच्याही ओळखीत असे दोनचार असतील. नसतील तर, रागावू नका, पण जरा आरशात बघा.

मग काकांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली, बोलणं दोनतीन शब्दांवर आलं. डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून तीनदा व्यायामाच्या केंद्रात न्या, नाहीतर हा पाय गेलाच समजा. केंद्र रिक्षाने दहा मिनिटांवर होतं. पण रिक्षात चढायलाच काकांना दोन मिनिटं लागत, आणि आमच्या गल्लीत दोन मिनिटं म्हणजे फार. रिक्षावाला म्हणे, "जल्दी करो अंकल, पीछे लाईन लगी है." मागून हॉर्न सुरू होत. तिसऱ्या खेपेला काका अर्धे आत, अर्धे बाहेर असताना थांबले, पाय मागे घेतला आणि घराकडे वळले.

"नको," ते म्हणाले. "लोक... थांबतात."

त्यानंतर ते महिनाभर खाली उतरले नाहीत. खालची गाडी धुळीने राखाडी झाली. एका सकाळी काकूंनी बेल वाजवली.

"लायब्ररी, तुमच्याकडे लायसन्स आहे?"

"आहे."

"मग रविवारी सकाळी माझ्या शेजारी बसायचं. शिकणाऱ्याशेजारी लायसन्सवाला लागतो, असा नियम आहे."

वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्या गाडी शिकायला निघाल्या होत्या. माझं लायसन्स वीस वर्षांपूर्वीचं. एजंटाला दोन फोटो आणि एक सही दिली होती, गाडीत बसायचीही गरज पडली नव्हती. हे मी बोललो नाही.

क्लास संपवून त्या परीक्षेला गेल्या, तेव्हा मी सोबत होतो. बाहेर एजंट म्हणाला, "मॅडम, तुम्ही सावलीत बसा, मी करून आणतो."

"गाडी पण तुम्हीच चालवणार का रोज?" काकूंनी विचारलं.

त्या पहिल्या खेपेला नापास झाल्या. परीक्षा घेणारे साहेब शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "चला." काकू गाडी हलवीनात.

"सर, बेल्ट."

"अहो, मैदानात आहोत आपण."

"गाडी चालणार आहे ना?"

साहेबांनी 'आत्मविश्वास कमी' असा शेरा मारला. दुसऱ्या वेळी काकूंना पाहताच त्यांनी मुकाट्याने बेल्ट लावला, आणि काकू पास झाल्या.

येताना मला राहवलं नाही. मी माझ्या लायसन्सची खरी गोष्ट सांगून टाकली.

"ठाऊक होतं," काकू म्हणाल्या. "क्लचला तुम्ही 'ते डावीकडचं' म्हणालात, तेव्हाच कळलं. मला तेच हवं होतं. ज्याला येतं ना, तो शिकवत बसतो."

आता काकांना पार्किंगमध्ये, भिंतीच्या आडोशाला, हवा तेवढा वेळ घेऊन गाडीत बसता येऊ लागलं. ते डावीकडे, काकू उजवीकडे, मी मागे. पहिल्याच दिवशी शाळेसमोरच्या झेब्रा क्रॉसिंगपाशी काही माणसं उभी दिसली, आणि काकूंनी गाडी थांबवली.

कुणी रस्ता ओलांडेना. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. भाजीची पिशवी घेतलेला एक गृहस्थ खिडकीशी वाकला.

"क्या हुआ मॅडम, गाडी बंद पडी? धक्का मारू?"

"नहीं. आप जाइए. आपके लिये रुकी हूँ."

त्याने मागे वळून पाहिलं, आपल्या मागे कुणी उभं आहे का म्हणून. मग घाबरून फुटपाथवर परत गेला. "नहीं नहीं, पहले आप."

"पहले आप जाइए."

दुसऱ्याने विचारलं, "पता पूछना है क्या?" शेवटी एक शाळकरी मुलगी, हे नियमानेच चाललं असावं अशा थाटात, सरळ चालत पलीकडे गेली. मग बाकीचे गेले. काका तोवर तोंडावर रुमाल धरून सीटमध्ये खाली घसरले होते.

काकू प्रत्येक खेपेला तिथे थांबल्या. मागचे प्रत्येक खेपेला ओरडले. दोन महिन्यांनी काका ताठ बसू लागले. पुढे एकदा, फारच कर्कश हॉर्न वाजला तेव्हा, त्यांनी उजवा हात अंगावरून वळवून डावीकडच्या खिडकीबाहेर काढला आणि शांतपणे 'थांबा' अशी खूण केली. काकूंनी समोरची नजर हलवली नाही, पण कान लाल झाले. त्या रविवारी त्यांनी काकांना उत्तनजवळच्या चौक गावापर्यंत नेलं. वाटेत आम्हाला सगळ्यांनी मागे टाकलं, म्हशींनीसुद्धा. काकांनी तासभर समुद्र पाहिला.

गेल्या दिवाळीआधी काकू गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त. पुण्याहून आलेल्या मुलाने गाडी विकली. चालवणार कोण? लायसन्सवाला मी शेजारीच राहतो, पण मला गाडी येत नाही. काकांचा व्यायाम तुटला, आणि आता ते पुन्हा घरात बसणार असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं.

तेराव्यानंतरच्या सोमवारी जिन्यात काठीचा आवाज आला. मी धावत खाली गेलो.

"काका, मोठी गाडी मागवतो. आत पार्किंगमध्ये येईल."

"नको."

त्यांनी गेटासमोर रिक्षाला हात केला. काठी आत ठेवली, मग उजवा पाय, आणि थांबले. मागे स्कूल बस, टेम्पो, दोन स्कूटर. हॉर्न सुरू झाले. रिक्षावाला म्हणाला, "जल्दी, अंकल." मी काखेत हात घालायला गेलो, तो त्यांनी बाजूला केला. श्वास घेतला. डावा पाय हाताने उचलून आत घेतला, धोतर सावरलं. खिशातून रुमाल काढून चष्म्याची एक काच पुसली. मग दुसरी.

"हां," काका म्हणाले. "अब चलो."