दिनानाथ पाळंदे इटलीत असताना

ब्रह्माघाटाच्या वरच्या गल्लीत राहणारे दिनानाथ पाळंदे एका महाविद्यालयात संस्कृत शिकवीत आणि उरलेल्या वेळात काळजी करीत. वीज विभाग, नगर निगम, गच्चीवरची माकडे, अरुंद गल्लीतून मोटरसायकल दामटणारी पोरे, या सर्वांविरुद्ध त्यांची एखादी लेखी तक्रार कोठे ना कोठे पडून असे. उत्तर एकीचेही आलेले नव्हते. अशा माणसाने पन्नाशी उलटल्यावर दोन मित्रांबरोबर भाड्याच्या मोटारीतून इटलीभर हिंडायला जावे, हे गल्लीत कोणाला पटले नाही. खुद्द त्यांनाही ते पटलेले नव्हते.

बेत वेणीमाधवचा. वेणीमाधव रेल्वेतली नोकरी मुदतीआधीच सोडून मोकळा झालेला, आणि मोकळ्या माणसाला इतरांचा गुंता दिसत नाही. तिसरा गोपीनाथ पुण्याला बँकेत. तिघांनी विद्यार्थिदशेत मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर बसून परीक्षा दिल्या नाहीत एवढेच. बाकी सगळा अभ्यास तिथेच केला. त्या ओळखीच्या जोरावर वेणीमाधव फोनवर म्हणाला, "अबे दीनू, आता नाही तर मग खांद्यावरूनच जाशील." दिनानाथांनी आईचे कारण पुढे केले.

कारण खोटे नव्हते. अंबिकाबाईंनी पतीच्या वर्षश्राद्धानंतर क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे पंचक्रोशीची सीमा ओलांडून मरेपर्यंत बाहेर पाऊल टाकायचे नाही. मरण येईल ते काशीतच यावे, एवढ्यासाठी उरलेले आयुष्य काशीत कोंडून घ्यायचे. त्यांनी ते तंतोतंत पाळले. ग्वाल्हेरला सख्खा भाऊ गेला, त्या गेल्या नाहीत. नातीचे लग्न नागपुरात झाले, त्या गेल्या नाहीत. समोरच्या तीरावर रामनगरला रामलीला चाले, तिचे वर्णन त्या इतरांकडून ऐकत. दिनानाथांना या व्रताचा अभिमान होता आणि धाकही. घरात कोणी पुण्य साठवीत असले की बाकीच्यांना पहारा करावा लागतो.

"जा रे तू," अंबिकाबाई म्हणाल्या. "तू घरात असलास की मला जरा डोळा मिटायची सोय नाही. मिटला की नाकाशी सूत धरतोस."

"सूत कधी धरलं मी?"

"बोट धरलंस. शरदिनी साक्षीला आहे."

शरदिनी, म्हणजे दिनानाथांच्या पत्नी, भाजी निवडीत होत्या. त्यांनी मान वर न करता साक्ष दिली. असे दिनानाथ इटलीला गेले.

प्रवासाचे सुख त्यांना कितपत लाभले, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. गोपीनाथ गाडी चालवी, रस्त्याच्या उलट्या बाजूने. प्रत्येक चौकात दिनानाथ मागच्या आसनावर पाय दाबून ब्रेक मारीत. रोममध्ये त्यांना चर्चच्या घुमटापेक्षा सारातल्या मांसाची चिंता अधिक पडली. सिएनाच्या चढावाच्या गल्ल्या पाहून वेणीमाधवला ठठेरी बाजार आठवला आणि तो हर्षाने ओरडला. दिनानाथांना त्याच गल्ल्या पाहून आपण घरी नाही एवढेच आठवले. रोज दुपारी, म्हणजे काशीत संध्याकाळ झाली की, ते घरी फोन करीत. "आई कशी आहे?" "बरी आहे." "म्हणजे नक्की कशी?" यापुढे शरदिनी फोन आईंकडे देत आणि आई तो हातात घेऊन न बोलता खाली ठेवीत.

फ्लॉरेन्सहून बोलोन्याकडे निघाले त्या सकाळी फोन तिकडून आला. हाच अपशकुन होता.

"अहो, आई पडल्या," शरदिनी म्हणाल्या. "न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळल्या. खुब्याचं हाड मोडलंय."

"शुद्ध?"

"शुद्धीत आहेत. कण्हताहेत. पण डॉक्टरसाहेब म्हणतात, दिल कमजोर आहे, इथे बेहोशीची दवा द्यायला कोणी तयार नाही. लखनौला न्या म्हणतात, आजच्या आज. अॅम्ब्युलन्स मिळतेय. न्यायचं का?"

लखनौ. म्हणजे शिवपूरच्या पुढे, सीमेच्या बाहेर, दिवसभराच्या रस्त्यावर.

एखादा साधा माणूस 'ने' म्हणाला असता. एखादा कट्टर माणूस 'नको' म्हणाला असता. दिनानाथ शिकलेले होते, ते म्हणाले, "थांब. मी विचारून सांगतो."

"कुणाला विचारून?"

"शास्त्रीजींना."

गोपीनाथने आरशातून मागे पाहिले. वेणीमाधव पूर्ण मागे वळला. "दीनू, तिथे डॉक्टर बोलतोय आणि तू इथे शास्त्री शोधतोयस?"

"तुला कळायचं नाही. बारा-बारा वर्षांचं व्रत आहे. उद्या ती म्हणाली की माझं सगळं मातीत घातलंस, तर उत्तर कोण देणार? तू?"

"देईन की. मी म्हणेन, काकू, दीनूला विचारून विचारून आम्ही दमलो, म्हणून नेलं."

वेणीमाधव हसला, कारण त्याला अजून वाटत होते की दीनू नेहमीप्रमाणे उगाच घाबरतो आहे.

दिनानाथांनी ढुंढिराज शास्त्र्यांना फोन लावला. ब्रह्माघाटावर शास्त्र्यांचा शब्द अंतिम मानला जाई, निदान शास्त्री स्वतः तसे मानीत. त्यांनी प्रकरण शांतपणे ऐकले. मग म्हणाले, रुग्ण बेशुद्ध असून दुसऱ्यांनी उचलून नेल्यास व्रतभंग नाही. परंतु मातोश्री शुद्धीत आहेत. शुद्धीत असलेल्याने मान हलवली तरी ती संमती झाली. "तेव्हा घाई नको. मला पाहावे लागेल."

"शास्त्रीजी, गाडी दाराशी आहे."

"दाराशी असू दे. दार काही सीमेबाहेर नाही."

एवढ्यात गाडी बोगद्यात शिरली आणि फोन मेला. त्या डोंगरात बोगद्यामागून बोगदा होता. मध्ये क्षणभर लख्ख हिरवा उतार दिसे, फोनला जरा धुगधुगी येई, आणि पुन्हा काळोख. दिनानाथ हातातल्या काचेकडे नजर लावून बसले. खिडकीबाहेर इटली होती. तिला पाहण्यासाठी त्यांनी बरेच दिवस वाया घालवले होते, तेव्हा आता ती दिसली नाही याचे दुःख कोणी मानू नये.

उजेडात आल्यावर त्यांनी दुसरे मत घेतले. दुर्गाघाटाचे विष्णु भट्ट म्हणाले, प्राणसंकटात नियम राहत नाही, खुशाल न्या, मागाहून प्रायश्चित्त करू. दिनानाथांना हायसे वाटले, पण त्यांचे हायसे फार काळ टिकणाऱ्यातले नव्हते. विष्णु भट्टांनी मत देताना "तुमचे ढुंढिराज काय म्हणाले?" असे विचारले होते आणि दिनानाथांनी ते भाबडेपणाने सांगितले होते. पुढच्या उजेडात ढुंढिराज शास्त्र्यांचाच फोन आला.

"तुम्ही विष्णु भट्टांनाही विचारलंत म्हणे."

"शास्त्रीजी, केवळ तातडी म्हणून..."

"मग आता त्यांचंच ऐका. प्रायश्चित्तही तेच सांगतील. आमचा संबंध संपला."

आईचे हाड मोडलेले, हृदय फडफडणारे, आणि दिनानाथ पाळंदे एपेनाइन डोंगराच्या पोटात ढुंढिराज शास्त्र्यांची समजूत घालीत होते. "आपला अवमान करण्याचा हेतू नव्हता," हे वाक्य त्यांनी अर्धे बोगद्याच्या आत आणि अर्धे बाहेर उच्चारले.

गोपीनाथने पहिल्या थांब्यावर गाडी वळवली. पेट्रोल पंपाशेजारी माणसे उभ्याने कॉफी पीत होती. तो इंजिन बंद करून म्हणाला, "दीनू, मी आता एकच गोष्ट विचारतो. काकूंना विचारलंस?"

"काय?"

"त्यांना काय हवंय ते."

प्रश्न सोपा होता, आणि तो दिनानाथांना स्वतःला सुचला नसल्यामुळे त्यांना संताप आला. गोपीनाथचा आला, स्वतःचा आला, त्या कॉफी पिणाऱ्यांचाही आला. त्यांनी घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. तिसऱ्यांदा शरदिनींनी उचलला, तेव्हा पलीकडून मोटारींचे भोंगे ऐकू येत होते.

"कुठे आहेस तू?"

"अॅम्ब्युलन्समध्ये. मी दोनदा लावला, तुमचा लागेना. मग मी आईंनाच विचारलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, फार दुखतंय गं. जिथे दुखायचं थांबेल तिथे ने."

"आणि व्रताचं?"

"मीही तेच विचारलं. म्हणाल्या, व्रत दीनूनं घेतलंय का? मग त्याला कशाला विचारत बसलीस."

दिनानाथ पंपाजवळच्या कट्ट्यावर बसले. "सीमा ओलांडलीत?"

"शिवपूर मगाशीच गेलं."

आणि तेथून त्यांची खरी दुपार सुरू झाली. आजवर आई काशीत मरेल की नाही याची त्यांना धास्ती होती. आता ती कोठे मरेल याची धास्ती होती. बारा वर्षे जिने एका नगरीत मरण्यासाठी भाऊ सोडला, नात सोडली, ती सुलतानपूरच्या अलीकडे कोठल्यातरी ढाब्यासमोर, भोंग्यांच्या गोंगाटात संपली तर? काशीही नाही आणि इस्पितळही नाही. हे सगळे मी थांबवू शकलो असतो, असे त्यांना वाटले. लगेच वाटले, मी थांबवले असते तर ती घरात ओरडत पडली असती. दोन्ही बाजूंनी विचार करण्याचे शिक्षण त्यांना उत्तम मिळाले होते. त्याचा उपयोग एवढाच झाला की दोन्ही बाजूंनी दुखू लागले.

वेणीमाधव आता हसत नव्हता. त्याने कागदी पेल्यात चहा म्हणून काहीतरी आणून दिले. "पी. गाईचं दूध आहे, विचारून घेतलंय," तो म्हणाला. खरे तर त्याने विचारले नव्हते, कारण त्याला ती भाषा येत नव्हती. दिनानाथांनी ते प्यायले.

बोलोन्यापर्यंत शरदिनींचा फोन मध्ये मध्ये येई: श्वास घेताहेत. झोप लागलीय. जाग्या झाल्या, पाणी मागताहेत. एकदा तर फोन आला आणि पलीकडे नुसताच इंजिनाचा आवाज. शरदिनींच्या हातून चुकून लागला होता, हे मागाहून कळले. दिनानाथांनी गोपीनाथला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून, ज्या नामाचा ते वर्गात फक्त विभक्तीसाठी उपयोग करीत, ते मोठ्याने म्हणू लागले. मागून येणारे ट्रक भोंगे वाजवीत गेले.

अंबिकाबाई लखनौला जिवंत पोहोचल्या. दिनानाथ मिळेल त्या विमानाने परतले. मित्रांनी त्यांना विमानतळावर सोडले आणि ते दोघे व्हेनिसला गेले, याबद्दल दिनानाथांनी त्यांना आजतागायत पूर्ण क्षमा केलेली नाही, जरी जा असे त्यांनीच सांगितले होते. शस्त्रक्रिया झाली. लखनौच्या डॉक्टरने हाड बसवले, हृदय सांभाळले, आणि रुग्णाला व्रत होते हे त्याला कोणी सांगितले नाही.

घरी परतल्यावर गल्ली भेटायला आली. कोणी म्हणाले, मुलगा परदेशात मजा मारत होता म्हणून हे घडले. कोणी म्हणाले, सुनेने घाई केली. तब्येत कशी आहे हे विचारणारे थोडे. शेवटी ढुंढिराज शास्त्रीही आले, राग विसरून, कारण या घरातला विधी विष्णु भट्टांकडे जाऊ देणे त्यांना परवडणारे नव्हते. काठी भिंतीला टेकवून ते म्हणाले, प्रायश्चित्त लहानसे आहे. मातोश्रींना बसवत नसेल तर मुलाने बसावे. मग क्षेत्रसंन्यास पुन्हा घेता येईल. काही बुडाले नाही.

दिनानाथांचा चेहरा त्या महिन्यात पहिल्यांदा सैल झाला. "घेऊ या, आई. मुहूर्त मी काढतो."

अंबिकाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी शास्त्र्यांना हात जोडले. "शास्त्रीजी, आपण आलात, बरं वाटलं. पण आता नको."

"का हो, मातोश्री?"

"काशी मी सोडणार नाही, जाऊन जाणार कुठे या पायानं. पण संकल्प नको. मी पुन्हा पडले, तर हा पुन्हा गावभर विचारत बसेल."

शास्त्री दिनानाथांकडे पाहू लागले. "आई, मी तुझ्याच..." असे काहीतरी दिनानाथ म्हणू लागले.

"माहीत आहे मला," अंबिकाबाई म्हणाल्या. "माझ्याच काळजीनं. बस जरा, आणि हा पाय उचलून उशीवर ठेव. हळू."

दिनानाथांनी दोन्ही हातांनी पाय उचलला. तो अगदी हलका होता, आणि कोठे ठेवायचा हे त्यांनी या वेळी आईलाच विचारले.